इकडील सर्व क्षेम

नागपूरला सव्वीस जानेवारीला जायचं, असं तीन वर्षं ठरत होतं आणि मोडत होतं. कारण एकच, सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून तीनच दिवस सर्वांसाठी उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. १ मेचं नागपूर माझ्याच्यानं झालं नसतं. तेव्हा यंदा चोवीसच्या रात्री नाशिकरोडला विदर्भ एक्सप्रेस पकडली.

सोबत जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही कादंबरी होती, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांची. कॉलेजात एकदा वाचली होती. तेव्हा त्यातलं 'साहित्य' दिसलं होतं. आता भाचा साडेसतराचा झालाय आणि अग्निवीरचा फॉर्म भरून बसलाय. तो फॉर्म भरायचं वयही नेमकं साडेसतरापासून सुरू होतं. म्हणून पुन्हा काढली.

मैत्रिणीचे मामा नागपूरला असतात. ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून हवालदार म्हणून निवृत्त. त्यांच्या रेजिमेंटचं केंद्र कामठीत, नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. नोकरी संपली आणि ते इथेच राहिले. पंचवीसला सकाळी त्यांच्याकडे तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे चण्याचा तो लाल, झणझणीत रस्सा. पोह्यांवर तो ओतला की आमच्या नाशिकच्या मिसळीचा गर्व जरा उतरतो. (जरा. पूर्ण नाही.)

"काय वाचून राहिली तू?" मामांनी पुस्तक उलटंपालटं करून विचारलं. मी नावाचा अर्थ सांगायला लागले आणि अडले. पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही, असं सरळ भाषांतर होतं. गोष्टीच्या शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, कादंबरीचा नायक पाउल बॉयमर मरतो, त्या दिवशी सैन्याच्या बातमीपत्रात एवढंच वाक्य असतं. आघाडी इतकी शांत होती की सांगण्यासारखं काही घडलं नाही. मामा म्हणाले, "म्हणजे आपल्या पत्रातलं. इकडील सर्व क्षेम."

इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. युनिटमध्ये काही पोरांचा लिहिण्याचा आनंदीआनंदच होता, त्यांची अंतर्देशीय पत्रं मामा लिहून द्यायचे. पत्ता ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. कोणाला काविळीतून उठून आठवडा झालेला, कोणाचा दोस्त गेलेला. पण पोरगा सांगायचा एकच, "लिहा, मी मजेत आहे, आईनं काळजी करू नये." मामा लिहायचे, "इकडील सर्व क्षेम." पुढे ते काही बोलले नाहीत. उठून गॅस बंद केला.

रेमार्कच्या पुस्तकात मला सगळ्यात जड गेलेला प्रसंग खंदकातला नाही, घरातला आहे. पाउल रजेवर गावी येतो. त्याचा वर्गमित्र केमरिख पाय कापल्यावर दवाखान्यात तडफडून मेलेला असतो. त्याची आई पाउलला खोदून खोदून विचारते, कसा गेला? पाउल सांगतो, लगेच गेला, काही कळलंही नाही. ती शपथ घ्यायला लावते. तो घेतो. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं एका आईसमोर खोटी शपथ घेतं आणि त्याला त्यात फारसं काही वाटेनासं झालेलं असतं. भ्रमनिरास हा शब्द आपण फार पुस्तकी करून टाकलाय.

या पोरांना भरती व्हायला लावतो तो त्यांचा मास्तर, कांटोरेक. वर्गात भाषणं ठोकून. तसला मास्तर परका वाटत नाही. चक्रव्यूह भेदायला धर्मराज सोळा वर्षांच्या अभिमन्यूला पाठवतो, आम्ही मागून आलोच म्हणून. जयद्रथ वाट अडवतो आणि मागून कोणी येत नाही. कीर्तनात आपण अभिमन्यूच्या शौर्याला टाळ्या देतो. स्त्रीपर्वात उत्तरा त्याच्या प्रेताशी बसून बोलते, तिथवर कीर्तन क्वचितच पोचतं.

सव्वीसला सकाळी बर्डी. मेट्रोनं सीताबर्डीला उतरले. रांगेत पोरंटोरं, गालावर तिरंगे, संत्री सोलणाऱ्या बायका. आणि इथे माझी फजिती झाली. या सहलीसाठी म्हणून नवे बूट घेतले होते. अर्धा चढ चढेपर्यंत डाव्या टाचेला असा फोड आला की मी कठड्याला धरून उभी.

"नवे बूट घालून कोणी किल्ला चढते का बाप्पा!" मामांनी मला पायरीवर बसवलं, बूट काढायला लावला, मोजा उलटा केला. शिवण टाचेवर घासत होती. खिशातून त्यांनी चिकटपट्टी काढली (माणूस झेंडावंदनाला चिकटपट्टी घेऊन जातो!), फोड न फोडता त्यावर आडवी-उभी लावली, मोजा शिवण बाहेर ठेवून उलटाच घालायला सांगितला आणि वरच्या दोन भोकांतली लेस घट्ट, खालची सैल बांधून दिली. "टाच हालली नाही पाहिजे. पाय गेला का शिपाई गेला."

मला लगेच केमरिखचे बूट आठवले. एका वैमानिकाचे मऊ, पिवळ्या चामड्याचे, गुडघ्यापर्यंतचे. केमरिख मरणार हे दिसतंय आणि म्युलरचा डोळा त्या बुटांवर आहे. वाचताना त्याचा राग येतो. नंतर कळतं की तो निर्दय नाही, त्याचे स्वतःचे बूट फोड आणणारे आहेत. म्युलर मरतो, बूट पाउलकडे येतात. पाउलनं ते पुढे कोणाला द्यायचे तेही कबूल करून ठेवलंय. रेमार्क स्वतः अठराव्या वर्षी सैन्यात ओढला गेला आणि १९१७ मध्ये जखमी झाला. हे घरी बसून सुचत नाही. आणि नाझींनी १९३३ मध्ये हे पुस्तक जाळलं ते उगीच नाही. पुढच्या पिढीच्या पायांत तेच बूट घालायचे होते.

वर पोचल्यावर खाली रेल्वे स्टेशन दिसतं, टेकडी गणपतीचा परिसर दिसतो. एवढ्याशा उंचीसाठी २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई झाली, अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज कंपनी. शाळेत 'सीताबर्डीची लढाई' एका ओळीत संपते. पण कंपनीकडून टेकडीवर उभी होती ती बहुतेक मद्रासच्या पलटणींची पोरं, आणि धाकटी टेकडी त्यांच्याकडून घेतली ती भोसल्यांच्या पगारावरच्या अरबांनी. नागपूरसाठी मरणाऱ्यांत नागपूर ज्यांचं नाही असेच किती. वर थडगी आहेत, ती इंग्रजांच्या बाजूची.

पानिपतानंतरचं ते सांकेतिक पत्र आपल्याला पाठ असतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये नि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ नि विश्वासराव, हे आपण पोरांना शिकवतो. खुर्दा म्हणजे कोण, ते विचारायची पद्धत नाही. आपल्या बखरी, पोवाडे मोत्यांपाशी थांबतात. रेमार्कनं खुर्दा हातात घेऊन एकेक नाणं पाहिलं.

असंच आपल्याकडे मुल्कराज आनंदांनी केलं, त्यांची 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' ही कादंबरी मात्र इंग्रजीत. लालू हा पंजाबातला शेतकऱ्याचा पोर, १९१४ मध्ये मार्सेलला उतरतो तेव्हा विलायत पाहायला मिळाली म्हणून हरखलेला. घरची गेलेली जमीन परत मिळेल ही आशा मनात. शेवटी जर्मनांच्या कैदेत. त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली, सत्तर हजारांहून जास्त परतली नाहीत. त्यांची पत्रं सेन्सॉर वाचायचा, म्हणून एकानं लिहिलं, काळी मिरी संपली, आता लाल मिरी वापरतायत. काळी म्हणजे आपण, लाल म्हणजे गोरे. मोत्या-मोहरांनंतर दीडशे वर्षांनी पुन्हा तसाच हिशेब, आता स्वयंपाकघरातल्या भाषेत, फरक इतकाच की या वेळी हिशेब खुद्द मिरीनं लिहिला होता.

मामांना हे सांगितलं तर ते हसले. "मग सेन्सॉरला नाही समजलं?" समजलं, म्हणूनच तर आपल्याला आज वाचायला मिळतं.

रात्री भाच्याचा फोन. सोळाशे मीटर अजून वेळेत बसत नाही म्हणाला. पुस्तक वाचशील का, असं विचारायचं होतं. त्याऐवजी मोजा उलटा घालायचं सांगितलं.

सत्तावीसला पहाटे मामा फिरायला निघाले, मीही लंगडत सोबत. मैदानावर अंधारातच भरतीची पोरं पळत होती, एक जण काठावर मोबाइलवर वेळ लावून ओरडत होता. एक चक्कर मारून आलेला पोरगा धापा टाकत खाली बसला, बूट काढले आणि शेजारी अनवाणी उभ्या असलेल्याकडे सरकवले. त्यानं ते घातले. मोठे होत होते बहुतेक, कारण पुढे बोळा कोंबला. मामा थांबले, त्याच्यापुढे वाकले आणि वरची दोन भोकं घट्ट करून दिली.