चाइल्डमाइंडरची पहिली तपासणी आणि एका पोलीस दाखल्यापायी गेलेले चार महिने

चाइल्डमाइंडर म्हणून, म्हणजे पैसे घेऊन स्वतःच्या घरी, लोकांची मुलं मी सांभाळणार होते. नवऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता. तो सकाळी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो तो संध्याकाळीच खाली येतो. तरी माझी नोंदणी अडली ती त्याच्या एका कागदावर, आणि अडली ती थेट चार महिने. आता सगळं मार्गी लागलंय, पण तो कागद आठवला की अजून डोकं तापतं. इंग्लंडमध्ये हे काम सुरू करू पाहणाऱ्या आपल्या मुलींना माझ्यासारखं अडकायला होऊ नये म्हणून लिहितेय.

आठ वर्षांखालच्या मुलांना स्वतःच्या घरी, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ, पैसे घेऊन सांभाळायचं असेल तर इथे नोंदणी करावीच लागते. नाहीतर तो गुन्हा ठरतो. मी ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा आणि बालसंगोपनावर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे, अर्ज केला. आधी कागद तपासतात, मग तपासनीस घरी येऊन घर बघतात आणि आपली तोंडी परीक्षा घेतात. आमच्या ओळखीत सगळे याच भेटीला ‘पहिली तपासणी’ म्हणतात. खरी पूर्ण तपासणी नोंदणीनंतर होते. माझ्या वेळी ती 30 महिन्यांच्या आत व्हायची. पण धास्ती असते ती या पहिल्या भेटीचीच.

लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा कोर्स, ईवायएफएसचं (पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या सरकारी नियमांचं) प्रशिक्षण, विमा, डॉक्टरांच्या सहीचा आरोग्याचा फॉर्म, हे सगळं माझं दीड महिन्यात झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. व्हिसाबद्दल पुष्कळ जणी विचारतात: मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट होते आणि स्वतःचा व्यवसाय करायला मला अडचण आली नाही.

घरात राहणाऱ्या 16 वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस, म्हणजे इथल्या गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी होते. शिवाय गेल्या पाच वर्षांत कोणी परदेशात राहिलं असेल, तर त्या देशाचा पोलीस दाखला, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचा दाखला, लागतो. आम्ही 2019 मध्ये स्विंडनला आलो आणि मी अर्ज केला जानेवारी 2022 मध्ये. म्हणजे भारतातला दाखला दोघांचाही हवा. भारतीय उच्चायुक्तालयाच्या इथल्या अर्ज केंद्रात आम्ही एकाच दिवशी, एकाच खिडकीवर अर्ज दिले. माझा दाखला तीन आठवड्यांत आला. माझ्या पासपोर्टवर माहेरचा पत्ता आहे. बाबा त्या घरात तीस वर्षं राहतात, पोलीस आले, चहा झाला, सही झाली.

नवऱ्याचा पासपोर्ट 2014 चा. तेव्हा तो हिंजवडीत नोकरीला होता आणि तीन मित्रांबरोबर एका उपनगरात भाड्याने राहायचा. पासपोर्टवर तोच पत्ता. तो फ्लॅट सोडूनही सहा वर्षं झाली होती. अर्ज भरताना आमच्या दोघांच्याही हे लक्षात आलं नाही, आणि अर्ज घेणाऱ्यांनीही विचारलं नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ऑनलाइन स्टेटस जिथे होतं तिथेच. केंद्रात फोन केला की ‘पोलीस पडताळणी बाकी आहे’ एवढंच उत्तर. कुठलं ठाणं, कोणाशी बोलायचं, काही सांगेनात. एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचचा गजर लावून नवरा पुण्याला फोन करायला लागला, कारण इथले साडेपाच म्हणजे तिकडचे दहा. रोज वेगळा माणूस फोन उचलायचा. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या करा.’ उद्या पुन्हा तेच.

शेवटी सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, कराडहून सकाळची एसटी पकडून स्वतः गेले. पहिल्या खेपेला साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला फाइल सापडली आणि उलगडा झाला. शिपाई फेब्रुवारीतच त्या पत्त्यावर जाऊन आला होता. दार उघडलं ते नव्या भाडेकरूने. त्याने सांगितलं, या नावाचं इथे कोणी नाही. तसाच शेरा मारला गेला: ‘सदर पत्त्यावर राहत नाही.’ आणि पुढचे दोन महिने फाइल तशीच पडून. आप्पा म्हणाले, ‘अहो, तो इंग्लंडला आहे म्हणून तर हा दाखला मागतोय, तो इथे राहणार कसा?’ समोरच्याने सांगितलं, ‘आजोबा, माझा रकाना तेवढाच आहे.’

त्या माणसाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. पण ‘पडताळणी अपुरी, अमुक कागद आणा’ एवढी एक ओळ आम्हाला कोणीतरी कळवायला हवी होती की नाही? फेब्रुवारीत ती ओळ आली असती तर मार्चमध्ये काम झालं असतं. सत्तरीच्या माणसाला उन्हातान्हाचे तीन हेलपाटे पडले ते त्या न आलेल्या ओळीमुळे, आणि माझा राग आहे तो त्यावरच.

तिसऱ्या खेपेला आप्पा प्लास्टिकच्या पिशवीत सगळं घेऊन गेले. नवऱ्याने जुन्या ईमेलमधून रजिस्टर केलेला अकरा महिन्यांचा भाडेकरार शोधून काढला होता, घरमालकाला गाठून त्याचं पत्र मिळवलं होतं. आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू! आप्पांनी बेल वाजवून फोटो दाखवला तर लगेच म्हणाल्या, ‘हा तो उंच मुलगा ना, गॅस संपला की दूध तापवायला माझ्याकडे यायचा?’ त्यांनी आणि खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ओळखीच्या जबाबावर सह्या दिल्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दाखला हातात पडला.

या चार महिन्यांत माझं काय गेलं तेही सांगते. दोन गल्ल्या सोडून राहणारी एक नर्स आपल्या दहा महिन्यांच्या बाळासाठी माझ्यावर थांबली होती. एप्रिलमध्ये तिला कामावर रुजू व्हायचं होतं. नोंदणी नसताना ‘तोवर ठेवते’ असं म्हणणं बेकायदा झालं असतं, म्हणून तिला नाही म्हणावं लागलं. बाळ नर्सरीत गेलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले.

तेव्हा पहिलं काम हे करा: ऑफस्टेडचा अर्ज उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काढून त्यावरचा पत्ता बघा. तिथे आज तुम्हाला ओळखणारं कोणी नसेल, तर जुना करार आणि दोन शेजारी आधी शोधा आणि भारतातला चालू फोन असलेला एक नातेवाईक तयार ठेवा. उशीर का होतोय ते मी ऑफस्टेडला दर पंधरा दिवसांनी लिहून कळवत राहिले, तेही करा.

भेट जूनमध्ये झाली आणि दोन तासांत आटोपली. तपासनीस बाई शांत होत्या. जिन्याची दारं, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, फ्रिजमधला थर्मामीटर, पडद्यांच्या दोऱ्या, साबण-ब्लीचच्या कपाटाचं कुलूप, सगळं बघितलं. मग देवघरापाशी थांबल्या. मी ते आठवडाभर आधीच भिंतीवर उंच लावून घेतलं होतं आणि काडेपेटी, उदबत्ती, तेलाची बाटली वरच्या बंद कप्प्यात ठेवली होती. मुलं घरात असताना दिवा लावत नाही, ती गेल्यावर लावते, असं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. आपल्या घरांत नेमकं हेच सुटतं. तसाच शेंगदाण्याचा कूट, ॲलर्जीच्या भीतीने: मी तो वेगळ्या घट्ट डब्यात ठेवते आणि मुलांच्या वेळात त्याचा स्वयंपाकच करत नाही. द्राक्षं कशी देणार, असंही विचारलं. घशात अडकू नयेत म्हणून उभी चिरून, चार फोडी करून.

प्रश्नांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलांच्या सुरक्षिततेवर. न रांगणाऱ्या बाळाच्या दंडावर वळ दिसला तर? काय दिसलं, किती वाजता, आई-वडील काय म्हणाले ते शब्दशः लिहायचं आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, बालसेवा विभागाला फोन करायचा. स्वतः चौकशी करत बसायचं नाही. हे मी घोकलं होतं. पुढचा प्रश्न मात्र अंगावर आला: ‘तुमच्या नवऱ्याबद्दल एखाद्या मुलाने तक्रार केली तर?’ क्षणभर शब्दच फुटेना. मग म्हटलं, त्याला मुलांपासून लगेच दूर ठेवीन, कौन्सिलच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवीन, आणि ऑफस्टेडला शक्य तितक्या लवकर, फार तर 14 दिवसांत. बोलता बोलता समजलं की तो दाखला का मागतात. उद्या माझा लेक कोणाच्या घरी ठेवायची वेळ आली, तर त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची तपासणी झालेली मलाही हवीच असेल. माझा राग दाखल्यावर नाही.

लेकावरून आठवलं, हिशेब मांडताना हे विसरू नका. एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यात पाचच्या आतली तीन, आणि त्यातलं एक वर्षाखालचं साधारण एकच. यात आपली स्वतःची मुलं धरतात. माझा लेक तेव्हा तीन वर्षांचा, म्हणजे मला बाहेरची छोटी मुलं दोनच घेता येणार होती. कमाईचं गणित याच्यावरच बसतं.

जाड फाइलींना घाबरू नका. चाइल्डमाइंडरला धोरणं लिहून ठेवायची सक्ती नाही, ती नीट समजावून सांगता आली म्हणजे झालं. मी चाळीस पानं छापली होती, बाईंनी ती उघडलीही नाहीत. घरी मराठी बोलता, तर त्याचं काय, असं विचारतील या भीतीने मी आधी घाबरले होते. उलट त्यांनी विचारलं, वेगळी भाषा बोलणारं मूल आलं तर त्याच्या भाषेचे चार शब्द तुम्ही कसे वापराल? मी लेकाला झोपवतानाचं उदाहरण दिलं, आणि इंग्रजी गोष्टींची टोपली दाखवली.

आणि एक राहिलंच. डीबीएसचं प्रमाणपत्र निघालं की त्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसमध्ये, म्हणजे ते प्रमाणपत्र पुढे चालू ठेवणाऱ्या डीबीएसच्याच ऑनलाइन सेवेत, नाव घाला. स्वतःचं घाला, नवऱ्याचंही घाला. आम्ही त्याचं 27व्या दिवशी घातलं, तेसुद्धा दाखल्याच्या फोनाफोनीत अचानक आठवलं म्हणून. ती मुदत हुकली असती तर त्याची डीबीएस पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती.