तुम्ही विचारलंत म्हणून : कॉर्टिसॉल कमी कसे करावे?

ताण, संप्रेरके आणि मेंदू यांवर मी संशोधन करते असे सांगितले, की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : ‘मग कॉर्टिसॉल कमी कसे करावे?’ कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की वाढणारे संप्रेरक (हार्मोन). काही जण तर त्याच्या रक्ततपासणीचा कागदच पुढे करतात. आजवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटका करून घेत आले. पण या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे आणि ते मला मान्य नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गृहीतक असे, की कॉर्टिसॉल हे शरीरात साचत जाणारे विष आहे. प्रत्यक्षात ॲडिसनच्या आजारात मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना ते पुरेसे तयार करता येत नाही आणि अशा रुग्णाला उपचार मिळाले नाहीत, तर एखादा साधा संसर्गही त्याच्या जिवावर बेतू शकतो. निरोगी माणसात ते पहाटे वाढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. सकाळी आठला उत्तम ठरणारा आकडा रात्री अकराला काळजीचा ठरू शकतो.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण पटले ते फजितीतून. उंदरांमध्ये कॉर्टिसॉलचे काम कॉर्टिकोस्टेरॉन करते आणि उंदीर निशाचर असल्यामुळे त्यांचे शिखर संध्याकाळी येते. त्याची मूळ पातळी मोजायची, तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यावे लागते; उशीर झाला, तर मोजला जातो तो आपल्या हाताने दिलेला ताण. सुरुवातीच्या एका प्रयोगात मी एकाच पिंजऱ्यातले चार उंदीर एकामागून एक बाहेर काढले. ज्यांना कसलाही ताण दिलेला नव्हता, त्या गटात पहिल्याचा आकडा कमी, चौथ्याचा भलताच जास्त. तीन आठवड्यांचे काम वाया गेले. चौथा उंदीर बिचारा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

आमच्या क्षेत्राला दिशा देणारा प्रयोग 1968 सालचा आहे. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्युअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना किरणोत्सर्गी कॉर्टिकोस्टेरॉन टोचले आणि ते मेंदूत कुठे धरून ठेवले जाते हे पाहिले. ते सर्वाधिक सापडले हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात. मेंदू ग्रंथींना नुसते हुकूम सोडत नाही, तर त्यांचे उत्तरही ऐकतो, हे त्यातून दिसले. हिप्पोकॅम्पस हे संप्रेरक ओळखतो आणि त्याचा स्राव आवरायला हातभारही लावतो. माझ्या मते सगळा विषय या आवरण्यात आहे.

कारण आवरणे जमले नाही तर काय होते, तेही दिसते. उंदरांना रोज सहा तास याप्रमाणे 21 दिवस जखडून ठेवले असता हिप्पोकॅम्पसमधील काही चेतापेशींच्या शाखा आखूड झाल्याचे 1992 मध्ये आढळले. ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढतात, हेही पुढे कळले. इथेच थांबले तर गोष्ट दिलासादायक वाटते. परंतु बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवले, की तशाच दीर्घ ताणाने भीतीशी संबंधित अमिग्डलामधील शाखा उलट वाढतात, आणि ती वाढ ताण थांबल्यावर 21 दिवसांनीही टिकून राहते, असे त्यांना नंतर दिसले. म्हणजे मेंदू सरसकट झिजत नाही. तो घाबरण्यात पटाईत होतो.

माणसांत हे संप्रेरक कशाने वाढते? 2004 मध्ये 208 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा सर्वांत जोरदार प्रतिसाद देणारी परिस्थिती आढळली ती अशी : परिणाम आपल्या हाती नाही आणि दुसरे कोणी आपली पारख करत आहे. नुसत्या कष्टाच्या कामाने तेवढे होत नाही. म्हणूनच कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पारख करणारा वरिष्ठ गोळीने बदलत नाही. कॉर्टिसॉल खरोखरच विकाराने वाढल्याची शंका असेल, तर डॉक्टर रात्री उशिराची लाळ किंवा 24 तासांची लघवी तपासतात, सकाळच्या एका आकड्यावर विसंबत नाहीत.

कागद पुढे करणाऱ्यांना मी आता इतकेच विचारते : रक्त किती वाजता घेतले, आदल्या रात्री झोप लागली होती का, आणि सुई दिसली की तुम्हाला धडधडते का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसून मान डोलावतात.