छोट्या ट्रॅक्टरला घरीच केबिन केली, त्याची दोन वर्षं

खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटून आलेल्या पिकाच्या रानात पाचटाची (वाळलेल्या पाल्याची) कुट्टी करून आबा, म्हणजे माझे वडील, घरी आले की त्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला असायचा, तरी रात्री खोकला सुरू झाला की पहाटेपर्यंत थांबायचा नाही. आमचं गाव कागल तालुक्यात, दूधगंगेच्या बाजूला. रान काळं, ऊस को ८६०३२ जातीचा, सरी पाच फुटी. २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर त्या सरीतून बरोबर जातो, घेतलाच होता त्यासाठी. पण भरणीच्या (उसाच्या बुडाला माती लावायच्या) वेळी ऊस छातीला आलेला असतो आणि पाला दोन्ही बाजूंनी तोंडावर येतो. उसाच्या पानाची कड म्हणजे बारीक करवतच. आबांच्या कानांवर आणि मनगटांवर कायम चिरा असायच्या. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "मग काय ऊस सोडू व्हय?"

मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत जिग-फिक्स्चरच्या, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यांच्या कामावर आहे. लोखंड कापणं, जोडणं आणि काटकोनात ठेवणं हे रोजचं काम. तयार केबिन शोधून पाहिली, पण आमच्या ट्रॅक्टरला बसेल आणि सरीतही मावेल अशी मिळाली नाही. मग जानेवारीत ऊस गेल्यावर घरीच करायची ठरवली. सुट्टी फक्त रविवारची, त्यामुळं पहिली केबिन उभी राहायला अकरा रविवार गेले.

लोखंडाला हात लावायच्या आधी बांबू आणि फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे आणले. मडगार्डच्या बाहेर एक इंचही जायचं नाही, ही पहिली अट. आबांना सीटवर बसवून डोक्यावर आठ इंच जागा धरली, कारण बांध ओलांडताना माणूस सीटवरून उचलला जातो. सुतळीनं बांधलेली ती पुठ्ठ्याची केबिन घेऊन आबांनी रिकाम्या सरीतून एक फेरा मारला. आल्यावर म्हणाले, डावा गुडघा घासतो आणि हायड्रोलिकचा लिव्हर पूर्ण खाली जात नाही. पाईप कापून झाल्यावर हे कळलं असतं तर दोन रविवार वाया गेले असते. कुणी असं काम काढणार असेल तर पुठ्ठ्याचा फर्मा करून ट्रॅक्टर प्रत्यक्ष चालवून बघा, एवढं मी आग्रहानं सांगेन.

सांगाडा एक इंची चौकोनी पाईपचा, २ मिलीमीटर जाडीचा. मीटरला साधारण १.४५ किलो वजन भरतं. २४ मीटर लागला, म्हणजे नुसता सांगाडाच ३५ किलोचा. सगळे जोड आधी टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून घेतले, दोन्ही कर्ण मोजून सारखे आल्यावरच पूर्ण वेल्डिंग केलं. एका बाजूनं सलग वेल्ड ओढत गेलं की गार होताना चौकट त्याच बाजूला खेचली जाते, म्हणून समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घेतले.

मदतीला कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक मिस्त्री यायचा. शिवाजी उद्यमनगरात टर्नर, फौंड्री, स्प्रिंगवाला, ग्राइंडिंगवाला सगळे हाकेच्या अंतरावर. तिथं वाढलेल्या माणसाला लोखंडाचं काही अवघड वाटत नाही. केबिन मागच्या रोल बारला सरळ वेल्ड करून टाकू, असं त्याचं म्हणणं. तिथं मात्र मी अडून बसलो. ट्रॅक्टर उलटला तर माणूस वाचवायचं काम त्या बारचं आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथल्या लोखंडाचा गुण बदलतो, आणि भोक पाडलं तर तुटायला जागा तयार होते. नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट असलीच पाहिजे, असा नियम स्वीडननं १९५९ मध्येच केला. ठरलेला मार सोसून दाखवल्यावरच अशी चौकट पास होते. माझ्या एक इंची पाईपनं तसली कुठलीच परीक्षा दिलेली नाही. ती धूळ, पाऊस आणि पाल्यापुरतीच आहे. म्हणून बारला रबर घालून दोन क्लॅम्प लावले, भोक एकही पाडलं नाही. केबिन झाली तरी सीटबेल्ट सुटायचा नाही, हे आबांकडून कबूल करून घेतलं.

पहिल्या केबिनला चारही बाजूंना ३ मिलीमीटर ॲक्रिलिक, वर १.२ मिलीमीटर लोखंडी पत्रा. दिसायला देखणी झाली होती. आईनं नारळ फोडला. मार्चमध्ये आबा पाचटात घेऊन गेले आणि अर्ध्या तासात दार उघडं टाकून परत आले.

"आत भट्टीत बसल्यागत हुतंय. आन् डोक्यावर कुणीतरी डबा वाजवतंय."

मी नाराज झालो होतो, पण स्वतः तासभर आत बसल्यावर त्यांचं म्हणणं शब्दाशब्दाला पटलं. बाहेर ३७ अंश, आत ४४. आवाज तर उघड्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त. पत्र्याची पेटी इंजिनाच्या थरथरीवर ढोलकीसारखी वाजत होती. आणि इतकं सोसूनही धूळ आत येतच होती.

त्या दिवसापासून आबांनी एक पद्धत लावली. शिलाईच्या डब्यातला पांढरा खडू त्यांनी केबिनमध्येच ठेवला. काम करताना जिथं खडखडतं, जिथून धूळ येते, जिथं हात अडतो, तिथं एक फुली. मी रविवारी गावी गेलो की आधी त्या फुल्या मोजायचो. पहिल्या आठवड्यात तेवीस होत्या. पुढच्या दोन वर्षांतलं सगळं काम त्या फुल्यांनीच ठरवलं.

उष्णतेचं आधी घेतलं. माझा समज असा की ऊन छतातून येतं. म्हणून लोखंडी पत्रा काढून ३ मिलीमीटरचं एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता) लावलं, खालून नायट्रिल रबरचा थर दिला, बाहेरून पांढरा रंग मारला. छताचं वजन सोळा किलोवरून सातच्या आत आलं. अरुंद ट्रॅक्टरवर इतक्या उंचीचं ओझं कमी झालेलं केव्हाही बरं. पण आतली उष्णता दोनच अंशांनी उतरली. मग हात लावत लावत शोधलं तेव्हा मूळ सापडलं. रेडिएटरचा पंखा गरम हवा इंजिनावरून मागं ढकलतो. उघड्या ट्रॅक्टरवर ती बाजूनं निघून जाते, केबिन झाल्यावर ती थेट आबांच्या पायांवर येत होती. पेडलच्या पुढं आडवा पत्रा घातला, त्याला इंजिनाच्या बाजूनं ग्लासवुल आणि ॲल्युमिनियमचा कागद लावला, पेडल आणि गिअर लिव्हरच्या फटींना रबरी बूट, म्हणजे फट झाकणारी लवचिक टोपणं, बसवले. त्या एका रविवारच्या कामानं पाच अंश उतरले. छताच्या आधी हेच करायला हवं होतं.

ॲक्रिलिकनं दोन महिन्यांत दगा दिला. प्रत्येक स्क्रूच्या भोकापासून केसासारखी चीर निघाली. चूक माझी होती, भोकं मी स्क्रूच्याच मापाची पाडली होती. प्लास्टिक उन्हात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. सरकायला जागा नसली की तडकतं. मग बाजूंना ४ मिलीमीटर पॉलिकार्बोनेट घेतलं, यूव्ही थर असलेलं. भोकं स्क्रूपेक्षा ३ मिलीमीटर मोठी ठेवली, मध्ये रबर वॉशर, आणि स्क्रू आवळताना हात आखडता. त्यानंतर आजवर एकही चीर नाही. हे पुसायला थिनर किंवा पेट्रोल चालत नाही, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच. कोरड्या कापडानं धूळ पुसली की ओरखडे उठतात. म्हणूनच पुढं वायपर लावायच्या जागी पॉलिकार्बोनेट घातलं नाही, तिथं लॅमिनेटेड काच बसवली. काचवाल्याला पुठ्ठ्याचा फर्मा दिला होता, ती पहिल्या फटक्यात बसली.

आवाजासाठी दोन गोष्टी केल्या. सांगाडा पायफळीवर थेट बोल्टनं आवळला होता, तिथं चार कोपऱ्यांना एका जुन्या जीपचे रबरी माउंट घातले. मोठ्या सपाट भागांना डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवली. मोबाईलवरचं डेसिबलचं माप काटेकोर नसतं, पण आधी ९७ दाखवत होतं ते आता ८८ दाखवतं. आठ तासांच्या कामाला ८५ च्या वर कानांचं नुकसान होतं असं मानतात, त्यामुळं लांबचं काम असलं की आबा अजूनही कानांत बोळे घालतात.

माउंट घातल्यावर दुसराही एक दोष उघड झाला, आणि तो जास्त गंभीर होता. एकदा बांध तिरका ओलांडताना आबा थांबले, उतरायला गेले तर दार उघडेना. पायफळ्या पातळ, त्या वाकल्या की दाराची चौकट तिरकी व्हायची आणि दार अडकायचं. सपाट जागेवर आणल्यावर उघडलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आग लागली असती किंवा ट्रॅक्टर कलंडला असता तर? दुसऱ्या रविवारी गिअरबॉक्सच्या खालून एक चॅनेल टाकून दोन्ही पायफळ्या एकमेकींना बांधल्या, दाराच्या कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या दिल्या, आणि मागची काच अशी केली की आतून एक पिन ओढली की ती सगळीच बाहेर पडते. आबांना तीनदा ओढायला लावली. बाहेर पडायला दोन वाटा नसतील तर केबिन बंद करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

दाराचीही एक गोष्ट सांगायची राहिली. चढायला सोपं म्हणून बिजागरी मागच्या बाजूला दिली होती. सरीत पुढं जाताना दाराच्या फटीत ऊस घुसला आणि दार मागं फाकवून वाकवून टाकलं. बिजागरी पुढं घेतल्यावर तोच ऊस दार दाबून धरतो. चढायला थोडं आखडतं, आबांनी ते चालवून घेतलं. दाराचा खालचा भाग मात्र त्यांनीच बदलायला लावला. मी तिथं पत्रा दिला होता, त्यातून पुढचं चाक सरीत कुठं चाललंय ते दिसत नव्हतं. आता तिथंही पारदर्शक पत्रा आहे.

धूळ आत येण्याचं कोडं सगळ्यात शेवटी सुटलं. फटी बुजवायला एक युक्ती कामी आली. अंधार पडल्यावर भावाला बॅटरी घेऊन आत बसवायचं आणि बाहेरून बघायचं, जिथून उजेड दिसतो तिथून धूळ जाणार. तरी सगळ्या फटी बुजत नाहीत. लिव्हर हलायलाच हवेत. त्यावर उपाय म्हणजे आत हवा थोडी दाबून भरायची, म्हणजे उरलेल्या फटीतून हवा बाहेर जाईल आणि धूळ आत शिरणार नाही. भंगारातून एका कारचा १२ व्होल्टचा ब्लोअर आणला, पुढं नवा केबिन फिल्टर लावला. पहिल्यांदा तो मागं बसवला, तिथं रोटाव्हेटरच्या (माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) धुळीनं फिल्टर दोन दिवसांत गच्च झाला. मग छताच्या पुढच्या टोकाला नेला, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. सायलेन्सरही छताच्या वर जाईल इतका वाढवला, कारण इंजिनाचा धूर बंद जागेत भरला तर वास येवो न येवो, जीव जाऊ शकतो. ब्लोअर चालू करून दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरली. धूर बाहेर ढकलला गेला तेव्हा आबा, मी आणि भाऊ तिघंही बघत उभे राहिलो.

विजेचा हिशोब साधा ठेवला. ब्लोअर, वायपर आणि दोन एलईडी दिवे मिळून डायनामोला झेपेल एवढाच भार, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, ब्लोअरला रिले. एसीचा विचार सोडून दिला. कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो आणि २४ एचपीत रोटाव्हेटरला ती हवी असते. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरायची, त्याला ब्लोअरची एक नळी पुढच्या काचेवर वळवली तेवढं पुरलं.

फवारणीबद्दल नीट सांगतो, कारण गावातले दोघं-तिघं याच कारणासाठी केबिन बघायला आले होते. हा फिल्टर धुळीचा आहे. औषधाची वाफ तो अडवत नाही. युरोपात केबिनचे चार वर्ग मानतात, त्यातला वाफेपासूनही संरक्षण देणारा फक्त चौथा, आणि त्याला सक्रिय कोळशाचा फिल्टर व मोजलेला दाब लागतो. आबा फवारणीला पूर्वीसारखाच मास्क लावतात. औषधाचे कपडे आणि बूट केबिनमध्ये आणायचे नाहीत, नाहीतर विष आत कोंडून घेतल्यासारखं होईल.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. म्हणून केबिन चार माउंट आणि दोन क्लॅम्प सोडले की दोन माणसांनी उचलता येते. ती फक्त रानात वापरतो, ऊस घेऊन रस्त्यावर जायचं असलं की उतरवून ठेवतो. पहिल्या केबिनला साडेअठरा हजार गेले, दुरुस्त्यांत आणखी चौदा. मजुरी घरची.

यंदाच्या खोडव्यात आबांनी चार दिवस सलग कुट्टी केली. खोकला पूर्ण गेलेला नाही, पण रात्री झोप लागते असं आई म्हणते. गेल्या रविवारी गेलो तर केबिनमध्ये एकच फुली होती, हायड्रोलिकच्या लिव्हरच्या फटीपाशी. तिथं ट्यूबचा तुकडा टिकत नाही, तेलानं फुगतो. चप्पल करणाऱ्या ओळखीच्या एकाकडून कातड्याचा बूट शिवून घ्यायला दिलाय, येत्या रविवारी बसवायचा आहे.