पडून असलेल्या चेन ब्लॉकची तपासणी किती वेळा करावी?

गोव्यातील कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम कारखान्यात गेलात, तर पंपघरात किंवा कंप्रेसरच्या डोक्यावर गर्डरला टांगलेला चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून जड वस्तू उचलण्याचे साधन, हमखास दिसतो. मोटर उतरवायची वेळ आली तरच, म्हणजे वर्षाकाठी एखाद्या वेळी, तो हलतो. देखभाल विभागात काम करताना या ब्लॉकविषयी एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: वापरच नाही, तर तपासणी तरी कशाला आणि किती वेळा?

कायद्याच्या बाजूने उत्तर सरळ आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने उचल-यंत्रे, साखळ्या, दोर आणि स्लिंग-शॅकलसारखे (भार बांधायचे पट्टे, जोडकड्या) साहित्य यांची सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे अशा तपासणीसाठी मान्यता असलेल्या परीक्षकाकडून, बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी करून तिची नोंद ठेवण्याची पद्धत घालून दिली. माणसे-माल नेणाऱ्या होइस्ट व लिफ्टसाठी कलम 28 ने हीच मुदत सहा महिन्यांची ठेवली होती. यंत्र किती तास चालले, याचा या मुदतीशी संबंध नाही. ती दिनदर्शिकेप्रमाणे चालते. रोज पन्नास वेळा उचलणारी क्रेन आणि वर्षात एकदा हलणारा ब्लॉक या बाबतीत एकाच रांगेत बसतात.

माझ्या मते ही बारा महिन्यांची मुदत कमीत कमी मर्यादा आहे आणि पडून असलेल्या साहित्याला ती एकटी पुरत नाही. रोज वापरात असलेल्या ब्लॉकचा बिघाड चालवणाऱ्याच्या हाताला कळतो: साखळी जड लागते, पॉलचा (भार उलटा सरकू न देणाऱ्या खटक्याचा) आवाज बदलतो, भार किंचित घसरतो. पडून असलेल्या ब्लॉकचा बिघाड मात्र कोणाच्याच हाताला लागत नाही, आणि जेव्हा लागतो तेव्हा हुकाला एक टन लटकत असतो.

गोव्याच्या हवेत हा बिघाड कसा होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसात पत्र्याच्या शेडमधली हवा सतत दमट असते आणि वास्को, मुरगाव भागात तिच्यात समुद्राचे मीठही मिसळते. लोंबती साखळी साठवण्यासाठी ब्लॉकला डबा किंवा पिशवी असेल, तर तिच्या तळाशी पाणी साचते; वरच्या कड्या तेलकट, स्वच्छ दिसतात आणि तळाच्या कड्यांना, त्यातही कडी कडीवर टेकते त्या जागी, खोल खड्डे पडलेले असतात. भार वरच्या उंचीवर असेपर्यंत या कड्यांवर ताण येत नाही. तो पार खाली सोडला की नेमक्या याच कड्या भार पेलतात. म्हणून साखळी पूर्ण बाहेर काढून, पुसून, कडीन् कडी फिरवून पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे म्हणू नये. वायर रोपचे दुखणे याहून लपलेले असते. आतला तागाचा गाभा सुकतो, ग्रीस कडक होते आणि गंज आतून सुरू होतो. दोर थोडा वाकवल्यावर तारांमधून लाल भुकटी झडली, तर बाहेरचा चकचकीतपणा पाहू नका. चेन ब्लॉकच्या ब्रेकमध्ये घर्षणाच्या चकत्या एकमेकींना चिकटतात, तर पॉलची बारीक स्प्रिंग गंजून तुटते. विजेवर चालणाऱ्या उचल-होइस्टवर वरच्या टोकाच्या लिमिट स्विचमध्ये (हुक टोकाला पोचला की मोटर थांबवणाऱ्या बटणात) कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेलेही मी पाहिले आहे. ऊन लागणाऱ्या जागी टांगून ठेवलेला पॉलिस्टरचा पट्टा तर कोणी न वापरताच कमकुवत होत जातो.

बाहेरच्या देशांच्या नियमांत या पडून असण्याची वेगळी दखल घेतलेली दिसते. अमेरिकेतील ओशा या कामगार सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या नियमांनुसार ओव्हरहेड क्रेन एक ते सहा महिने बंद राहिली असेल, तर पुन्हा वापरण्यापूर्वी नेहमीची वारंवार करायची तपासणी आणि दोरांची तपासणी करावी लागते. सहा महिन्यांहून अधिक बंद असेल, तर संपूर्ण तपासणी लागते. आणि राखीव ठेवलेली क्रेन दर सहा महिन्यांनी किमान एकदा पाहावीच लागते. ब्रिटनमधील मार्गदर्शनातही दीर्घकाळ वापराबाहेर राहणे हे नव्याने कसून तपासणी करण्याचे एक कारण मानले आहे. आपल्याकडे 2012 मध्ये आणि पुन्हा मार्च 2018 पासून खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यात किती यंत्रे जागच्या जागी उभी राहिली, हे आठवले म्हणजे या पद्धतीची गरज कळते.

मी स्वतः जो क्रम सुचवतो तो असा. सक्षम व्यक्तीची वार्षिक तपासणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर ठेवावी. मार्चअखेरीच्या घाईत ती उरकली, तर त्यापुढचा अख्खा पावसाळा तिच्या हिशेबात येत नाही. दोन वार्षिक तपासण्यांच्या मध्यावर, एप्रिलच्या आसपास, आपल्याच देखभाल विभागातील जाणत्या माणसाने साखळी काढून, हुक आणि त्याचा लॅच (तोंड बंद ठेवणारी पट्टी) पाहून, ग्रीस बदलून नोंद करावी. याशिवाय महिन्याहून अधिक काळ न हललेले यंत्र वापरण्यापूर्वी रिकामे वर-खाली चालवावे, मग भार जमिनीपासून वीतभर उचलून काही मिनिटे धरून ठेवावा आणि ब्रेक सरकतो का ते पाहावे. ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही, पण चिकटलेल्या चकत्या किंवा तुटलेली स्प्रिंग तिच्यात बरेचदा उघडी पडते.

लहान कारखान्यांचा खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे. वर्षात एकदा लागणाऱ्या ब्लॉकसाठी दरवर्षी परीक्षकाला पैसे का द्यायचे? मग तो ब्लॉक खरोखरच सेवेतून काढावा: गर्डरवरून उतरवावा, तेल लावून कोरड्या खोलीत कुलपात ठेवावा, त्यावर ‘वापरू नये’ अशी पाटी बांधावी आणि नोंदवहीत तशी तारीख लिहावी. तो परत टांगण्यापूर्वी सक्षम व्यक्तीची तपासणी करून घ्यावी. गर्डरवर तसाच टांगून वर पाटी लावलेला ब्लॉक मात्र मी सेवेतून काढलेला धरत नाही. रात्रपाळीला पंप अडकला की ती पाटी कोणी वाचत नाही.