कॅन्ससच्या माळावर जाळ रंगवताना

फ्लिंट हिल्स या कॅन्ससमधल्या टेकड्यांवर एप्रिलात आर्टिस्ट रेसिडेन्सीला, म्हणजे अर्ज करून काही आठवडे तिथे राहून चित्रं काढायला, गेलं की काम आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, वाऱ्याने चालतं. कुरण कधी पेटवायचं ते रँचवाले हवा बघून दुपारी ठरवतात. त्या दिवशी निरोप आला तीनच्या सुमारास: ओढ्यापलीकडचं कुरण आज लावतोय, यायचं तर सहाच्या आत या. पेटलेलं कुरण समोर बसून रंगवणं हाच इथे येण्यामागचा हेतू होता, त्यामुळे हातातलं अर्धं चित्र तसंच ठेवून सामान गाडीत टाकलं.

सामानाचं आधी सांगते, कारण निम्मी लढाई तिथेच असते. कॅन्सस सिटीच्या विमानतळावरून गाडीने दोन-अडीच तास लागतात: आय-३५ ने एम्पोरिया, मग यूएस-५० ने स्ट्राँग सिटी, तिथून के-१७७ ने दक्षिणेला कॉटनवुड फॉल्स आणि मॅटफिल्ड ग्रीन. बसच्या भरवशावर येऊ नये. गाडी भाड्याने घेताना स्टेपनी आहे का आणि तिच्यात हवा आहे का, ते डिकी उघडून बघावं. इथल्या कच्च्या रस्त्यांवर चकमकीची फुटकी खडी असते, ती टायर कापते. किराणा आणि पेट्रोल एम्पोरियातच भरून घ्यायचं. टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, म्हणून जलरंगच बरे. कागद जाड, ३०० जीएसएमचा, निव्वळ कॉटन, पाव इम्पिरियल म्हणजे ११ × १५ इंचांचे तुकडे करून दोन प्लायच्या मध्ये बांधलेला. त्याहून मोठा कागद या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि ईझलसकट आडवा होतो. मी ईझल नेतच नाही. खाली बसायचं, पाट मांडीवर, कागदावर स्वतःची सावली पडेल असं. नाहीतर उन्हात कागद डोळ्यांवर येतो आणि सगळे टोन गडद होऊन बसतात.

चकमक टायर कापते खरी, पण तिच्यामुळेच हा माळ उरला. चुनखडीत चकमकीचे थर, वर मातीचा पातळ पापुद्रा. नांगर चालेना, म्हणून शेतीऐवजी गुरं आली. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या माळापैकी आता चार टक्केसुद्धा शिल्लक नाही, आणि जो आहे त्यातला बहुतेक या टेकड्यांवर. स्ट्राँग सिटीजवळ सुमारे ११ हजार एकरांचं राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र १९९६ साली झालं. सपाट मैदान असेल अशा समजुतीने येणारे पहिल्याच स्केचमध्ये एक आडवी रेघ मारून मोकळे होतात. प्रत्यक्षात कठीण चुनखडी आणि शेल हा मऊ, पापुद्र्यांचा खडक एकाआड एक असल्याने उतारांना पायऱ्या पडलेल्या आहेत. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या पायऱ्या काढलेल्या हाताला त्या ओळखीच्या वाटतात, पण इथे त्या इतक्या बुटक्या आहेत की दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत.

गवताला आग म्हटलं की आपल्याकडे वणवा आठवतो. इथे ते कुरणाचं नेहमीचं काम आहे. काव आणि ओसेज हे इथले मूळ लोक ते फार पूर्वीपासून करत आले. जाळलं नाही तर काही वर्षांत रेड सीडरची झाडं कुरण गिळतात. जुनं वाळकं गवत गेलं की जमीन लवकर तापते, कोंब लवकर येतो आणि त्यावर गुरांचं वजन चांगलं भरतं. धूर मात्र पार शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन-ओमाहापर्यंत जातो, आणि तिथल्या लोकांची तक्रार खोटी नाही.

रँचवाल्या बाईंनी आधी काउंटीच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. वारा दक्षिणेचा, ताशी दहा-बारा मैल. पिकअपवर पाण्याची टाकी आणि पंप. ड्रिप टॉर्चमध्ये, म्हणजे पेटतं इंधन ठिबकवणाऱ्या डब्यात, तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल. पहिला जाळ लावायचा तो वारा जिकडे जातो त्या कडेला, म्हणजे उत्तरेच्या. तिथली आग वाऱ्याविरुद्ध मागे सरकत जाते, गुडघ्याएवढी आणि अगदी सावकाश. तिने पुरेसा रुंद काळा पट्टा केला की दोन्ही बाजूंच्या कडा पेटवायच्या आणि शेवटी दक्षिणेची. ती आग वाऱ्याबरोबर धावते, माणसाच्या डोक्यावर जाते आणि काळ्या पट्ट्याला भिडून आपोआप मरते.

‘तुम्ही काळ्यावरच बसा, हिरव्याच्या मोहात पडू नका,’ एवढीच त्यांची अट. मी पश्चिमेच्या कच्च्या रस्त्यापलीकडे, आधीच्या आठवड्यात जळून गेलेल्या जमिनीवर बसले, तोंड पूर्वेला. उत्तरेला बसलं तर सगळा धूर अंगावर. पश्चिमेला तोंड केलं तर मावळतीच्या उजेडात ज्वाळा फिक्या पडतात. कपडे सुती आणि बूट चामड्याचे. नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

खरी अडचण वाळण्याची. मुंबईत जुलैत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्धा-अर्धा तास ओला राहतो. इथे आकाशाचा वॉश दोन मिनिटांत धरतो आणि धुराला कडक कडा येतात. उपाय असा: कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवायचा, म्हणजे पंधरा मिनिटं तरी मिळतात. रंगाच्या पाण्यात, एका वाटीला चार-पाच थेंब ग्लिसरीन. जास्त झालं तर चित्र चिकट राहतं आणि राख धरून ठेवतं. मास्किंग फ्लुइड (पांढरी ठेवायची जागा झाकणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) आणू नये. कोरड्या वाऱ्यात ते कागदात बसतं आणि सोलताना कागदाचा थर घेऊन येतं. ओल्या रंगावर मीठ टाकून उठवतात तो ठिपक्यांचा परिणामही दिसत नाही, मीठ विरघळण्याआधी पाणीच उडालेलं असतं.

सूर्य आठच्या सुमारास मावळतो. उजेड असतानाच सगळी मिश्रणं करून पॅलेटवर ठरलेल्या क्रमाने ठेवायची, कारण हेडलॅम्पखाली पिवळा आणि पांढरा यांतला फरक कळत नाही. ज्वाळा लाल रंगवणं ही नेहमीची चूक. जाळाचा गाभा जवळजवळ पांढरा असतो, तो कागदच. त्याला लागून पातळ न्यू गॅम्बोज हा पिवळा, मग नारिंगी. लाल फक्त टोकांना आणि धुराच्या पोटाला. धूर कोबाल्ट निळ्याचा आणि लाइट रेड या विटकरी लालचा, ओल्यातच डावीकडे ओढलेला. सगळ्यात शेवटी जमीन: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी, दाट. ट्यूबमधला काळा घातला की आग कापून चिकटवल्यासारखी दिसते. जळलेल्या भागात चुनखडीचे पांढरे तुकडे अचानक उघडे पडतात. ते कोरड्या ब्रशने जागा सोडत ठेवायचे. नंतर पांढऱ्या गुआशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, लावलेले खडूसारखे दिसतात.

सगळे वाट बघतात धावणाऱ्या आगीची. अर्धा मैल दहा-बारा मिनिटांत संपला. एक कागद त्यात गेला, नुसता नारिंगी गोंधळ. चित्र मिळालं ते आधीच्या, मागे सरकणाऱ्या आगीत. ती प्रत्येक पायरीच्या कडेशी अडखळते, दगड उघडा असेल तिथे तुटते, मऊ उतारावर पुन्हा जुळते. दिवसा न दिसलेले टेकडीचे सगळे टप्पे एका बारीक उजळ रेषेत समोर येतात, आणि तेही पाऊणेक तास. तिच्यासाठी दोन कागद राखून ठेवावेत आणि मोठ्या आगीच्या वेळी ब्रश खाली ठेवून नुसतं बघावं.

राख ओल्या वॉशवर पडतेच. ती पुसायची नाही, पुसली की कोळशासारखी फरफटते. कागद पूर्ण वाळला की मऊ, कोरड्या ब्रशने उडवायची. जे कण रंगात रुतले ते रुतले.

रेसिडेन्सीसाठी अर्ज करताना महिना नीट निवडावा. आग हवी असेल तर मार्चअखेर ते एप्रिल, आणि पावसाने किंवा सोसाट्याच्या वाऱ्याने आठवडा वाया जाईल हे धरून किमान तीन आठवडे मागावेत. गवतच हवं असेल तर सप्टेंबर. तेव्हा बिग ब्लूस्टेम हे इथलं उंच गवत चांगल्या पावसाच्या वर्षी सहा-सात फुटांवर जातं आणि बसून काम होत नाही, उभ्यानेच करावं लागतं. पँट मोज्यांत खोचलेली असावी, गोचिडी असतात.