मॉइश्चर 19

बँकेत शेतीकर्ज बघतो, त्यामुळे तारण मालाची शिल्लक तपासायला कारखान्यांवर जावं लागतं. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी दोन ठिकाणं होती. सकाळी अमळनेरकडे पांढरा कोळसा, म्हणजे बॉयलरच्या जळणाच्या कांड्या. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुगा नुसता दाबायचा. डिंक लागत नाही, लाकडातलं लिग्निनच दाबाने तापून चिकटतं. ढीग मोजले, सही केली, निघालो.

दुपारी धुळ्याकडे, मक्याचं इथेनॉल. गेटवरच अडकलो. पुढे एका म्हाताऱ्या बाबांची ट्रॉली, 40 क्विंटल मका. पोऱ्याने पोकळ नळी खुपसून दाणे काढले, यंत्रात टाकले. मॉइश्चर, म्हणजे ओलावा, 19 टक्के. हद्द 14 ची. ट्रॉली परत.

बाबा भांडले नाहीत. मलाच कारखान्याचा माणूस समजून म्हणाले, "साहेब, मझार पानीमाच टाकतस ना हाई? मंग आठे पानी कसाले मोजतस?"

मी काहीतरी पुटपुटलो. ओला मका साठवला तर बुरशी धरते, आणि पाण्याला मक्याचा भाव कोण देईल? खरं आहे ते. पण आत पाण्यातच टाकता, मग गेटवर पाणी कशाला मोजता, हा बाबांचा प्रश्न आत गेल्यावर पाठ सोडेना. दळलेल्या मक्यात खरंच पाणी ओततात. एन्झाइम घालून, शिजवून स्टार्चची साखर करतात, मग यीस्ट. टाक्यांजवळ थेट बिबड्यांच्या पापडांसाठी भिजत घातलेल्या ज्वारीचा आंबूस वास. दोन-अडीच दिवसांनी ऊर्ध्वपातन, आणि तिथून पुन्हा पाण्याशी झगडा: नुसत्या उकळण्याने 95 टक्के इथेनॉलच्या आसपास गाडी अडते, उरलेलं पाणी झिओलाइटच्या मण्यांनी शोषून काढायचं, तेव्हा कुठे ते पेट्रोलमध्ये चालतं. खाली राहिलेला चोथाही वाळवूनच पशुखाद्याला जातो. टनभर मक्याचं साधारण 380 लिटर इथेनॉल, असं व्यवस्थापक अभिमानाने सांगत होते. मी डायरीच्या मागे बाबांचा हिशोब करत होतो. 19 चे 14 झाले की 40 क्विंटलचे पावणेअडतीससुद्धा भरत नाहीत. भाडं वेगळं.

परतताना दिवस कलला होता. हायवेच्या कडेच्या रस्त्यावर तोच मका पसरलेला. बाबा अनवाणी पायांनी ओळी फिरवत होते, पोरगा दव पडायच्या आत ताडपत्री सोडत होता. मी गाडी थांबवली. बाबांनी मूठभर दाणे हातावर ठेवले.

"दातखाले धरी देखा."

धरला. कट्ट वाजला नाही. दाणा नुसता दबला.

"अजून एक ऊन लागेल," मी म्हटलं.

"दोन," बाबा म्हणाले, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला वाकले.