आमची वाटचाल: आधी वायर, मग काच, मग बल्ब

दुकान सुरू केलं तेव्हा हेडलाईटच्या बल्बांना एक फळी पुरत होती. जीप आणि ॲम्बॅसिडरच्या सात इंची गोल लाईटला पी ४५ टी बैठकीचा बल्ब, मारुतीला एच ४, बाकी दुचाकीचे. आता एच १, एच ७, एच ११, एचबी ३, एचबी ४ अशा वेगवेगळ्या बैठकींच्या बल्बांचे कप्पेच्या कप्पे भरलेत. मागणी मात्र तीच आहे: "अण्णा, डिपरला काहीच दिसत नाही, जरा पॉवरचा बल्ब द्या." (डिपर म्हणजे खाली वळलेला जवळचा झोत, अप्पर म्हणजे लांबचा.) पूर्वी आम्ही हे ऐकून बल्ब काढून देत होतो. आता आधी मल्टीमीटर काढतो.

पॉवरचा बल्ब म्हणजे त्या काळी १००/९० वॅट. साधा एच ४ असतो ६०/५५ वॅटचा (आधीचा आकडा अप्परचा, नंतरचा डिपरचा), म्हणजे अप्परला एका बल्बाला सुमारे ५ अँपिअर. १०० वॅटला तोच आकडा ८ च्या वर जातो, दोन्ही बाजू मिळून १६ ते १७. कंपनीची वायर, स्विच आणि प्लॅस्टिकचा होल्डर एवढ्यासाठी केलेले नसतात. असे होल्डर दुकानात आजही येतात. पांढरं प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडलेलं, एका पिनेभोवती वितळून गोळा झालेलं आणि आतली पितळी पट्टी निळसर काळी. पट्टीचा ताण गेला की ती पिनेला सैल धरते, सैल जागा जास्त तापते, तापली की आणखी सैल होते. शिवाय रिफ्लेक्टरचा चकचकीत थर आतून भाजून मंद होतो, तो पुन्हा चढत नाही. हे बल्ब आम्ही ठेवायचे बंद केले. रस्त्यावरच्या गाडीला ते कायद्यानेही चालत नाहीत.

मंद उजेडाचं खरं कारण बहुतेक जुन्या गाड्यांत वायरीत असतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या फार वरच्या पटीत बदलतो: व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड साधारण ३० टक्के जातो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.४ व्होल्ट मिळत असेल, तर नवा कोरा बल्बही जुन्यासारखाच दिसणार. तपासणी बल्ब लावलेला आणि लाईट चालू ठेवूनच करायची, कारण होल्डर काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवून फसवतो. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसला, दुसरी होल्डरच्या मागून त्याच लाईटच्या प्लसला. अर्धा व्होल्टच्या वर गळती (म्हणजे वाटेत पडलेलं व्होल्टेज) दिसली की वायर, स्विच, फ्यूज, कपलर यांत कुठेतरी अडतंय. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थपर्यंत (अर्थ म्हणजे बॉडीतून परत जाणारी मायनसची वाट). बॉडीवरचा अर्थचा बोल्ट गंजलेला निघणं हे तर रोजचंच. तो घासून, रिंग नवी घालून, वर थोडं ग्रीस लावलं की कित्येक गाड्यांचं काम तिथेच संपतं आणि बल्ब विकावा लागत नाही.

गळती सगळ्या वायरिंगभर पसरली असेल तर रिले किट. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. डिपरला एक, अप्परला एक असे दोन रिले. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून थेट बल्बाला, सिरॅमिक होल्डरमध्ये. जुना होल्डर आता फक्त ८५-८६ ची कॉइल चालवतो, म्हणून स्विचवरचा भार जवळजवळ संपतो. अर्थचीही वायर तितकीच जाड हवी. प्लस जाड आणि अर्थ बारीक ठेवून केलेलं काम अर्धंच असतं. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत एच ४ ची कॉमन पिन अर्थ नसून प्लस असते आणि स्विच मायनस तोडतो. तिथे बाजारातलं तयार किट तसंच जोडलं तर गोंधळ होतो, म्हणून आधी टेस्टर लावून बघायचं. लाईट कंट्रोल युनिटवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना आम्ही किट लावत नाही. युनिटला भार कमी दिसला की डॅशबोर्डवर फॉल्टचा दिवा येतो किंवा रिले फडफडतो.

दुसरं तपासतो ते काच. सोलापूरचं ऊन आणि धूळ मिळून हेडलाईटवरचं पॉलिकार्बोनेटचं (प्लॅस्टिकचं) झाकण चार-पाच वर्षांत पिवळट, खरबरीत करून टाकतात. उजेड तिथेच विखुरतो, रस्त्यावर पोचत नाही. ८०० पासून १०००, १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पॉलिश पेपर, सगळं पाण्यात, मग कंपाउंड. इथवर सगळेच करतात. पण घासताना वरचा संरक्षक थर निघून गेलेला असतो. त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने केलेली चमक आणखी लवकर जाते. जुनी खरी काच असेल तर ती पिवळी पडत नाही, तिथे रिफ्लेक्टर बघायचा.

एवढं झाल्यावर बल्ब. चांगल्या नावाच्या साध्या एच ४ चा ठरलेला उजेड अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्यूमेन, एच ७ चा १५००. खोक्यावर +१०० किंवा +१३० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एकूण उजेड दुप्पट असा नाही. रस्त्यावरच्या ठरावीक जागी, नियमातल्या किमान उजेडाच्या तुलनेत तो आकडा असतो. फरक खरा आहे, बल्बातली तार (फिलामेंट) बारीक आणि नेमकी बसवलेली असते, वॅट तेवढेच. पण तार जास्त तापते, म्हणून आयुष्य कमी. रोज रात्री पुणे रोडला पळणाऱ्या टॅक्सीला आम्ही साधा किंवा +३० देतो. महिन्यातून दोनदा विजापूरला जाणाऱ्याला +१३० परवडतो. निळी काच असलेले "सुपर व्हाईट" कोणालाच सुचवत नाही. निळा थर उजेडातला पिवळा भाग अडवूनच तो पांढरा दाखवतो, म्हणजे हातात येतो कमी उजेड, आणि पावसात ओल्या डांबरावर तो जाणवतोही कमी.

एचबी ३ आणि एचबी ४ दिसायला सारखे, खाचा वेगळ्या. एकाच्या खाचा कानशीने घासून दुसऱ्याच्या जागी बसवलेले आम्ही काढलेत. एक ६० वॅटचा, दुसरा ५१ चा. तो रिफ्लेक्टर त्याच्यासाठी केलेलाच नसतो.

एलईडीची विचारणा आता सर्वांत जास्त आहे. एच ४ च्या डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणूनच समोरच्याच्या डोळ्यांवर तो जात नाही. एलईडीचा चिप आणि त्याची वाटी त्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकली तरी भिंतीवर डिपरच्या झोताची वरची कड जी कापलेली रेघ दाखवते ती पुसट होते. गाडीजवळचा रस्ता पांढराफेक दिसतो, मालक खूश होतो, आणि लांबचं मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसतं. एलईडीच्या मागच्या पंख्यामुळे हेडलाईटच्या मागचं रबराचं झाकण, म्हणजे बूट, बसत नाही, आत धूळ जाते. कंपनीच्या मंजूर नमुन्यात नसलेला फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, हेही आम्ही काउंटरवरच सांगतो.

बसवताना काचेला बोट लावायचं नाही. घामाचा तेलकट ठसा क्वार्ट्झ काचेवर भाजतो, तिथे पांढरट डाग पडून बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसून वाळवायचा. एच ४ च्या पत्र्याच्या चकतीचे तीनही कान खाचेत बसले, क्लिप वाजली, मगच बूट.

शेवटी फोकस, आणि इथे आम्ही घाई करत नाही. टायरमधली हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, डॅशवरचं लेव्हलचं बटण शून्यावर, सपाट जागी भिंतीपासून ५ मीटर. बल्बाच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची. डिपरची रेघ त्याच्या ५ सेंटीमीटर खाली यायला हवी आणि क्लिनर बाजूला, म्हणजे डावीकडे, वर चढायला हवी. लाईट जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर असेल तर असा डिपर ७० मीटरपर्यंत पोचतो. रेघ १० सेंटीमीटर खाली गेली की ३५ मीटर. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि उसाच्या हंगामात मंगळवेढा रोडला मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली त्या ३५ मीटरांत अचानक उभी असते. म्हणून हंगामाच्या तोंडावर आम्ही गाड्या दिवेलागणीलाच बोलावतो. दुपारच्या उजेडात रेघ दिसत नाही.

एक बल्ब गेला तरी जोडी बदलतो, नाहीतर दोन बाजूंचा उजेड वेगळा पडतो. जुन्यातला चालू बल्ब नव्याच्या रिकाम्या डबीत घालून मालकाच्या ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवून देतो.